पाळणा दुसऱ्या भिंतीला

१२ जानेवारी, सोमवार

सौ. वहिनींना नमस्कार.

पत्राच्या आरंभी ‘विनंती विशेष’ असे शब्द घालण्याची पद्धत आहे, आणि पुढे बहुधा विनंती नसतेच. माझ्याकडे मात्र खरोखर एक आहे, म्हणून ती आधीच लिहून टाकते. ढब्बूचा पाळणा आपल्या मधल्या भिंतीपासून हलवून पलीकडच्या, रस्त्याच्या बाजूच्या भिंतीला लावता आला, तर फार उपकार होतील.

एवढ्या एका वाक्यासाठी मी बरेच कागद फाडले. तुम्ही हसाल. स्वयंपाकघर एकच होतं तेव्हा मी मीठ मागायला तुमच्या मागे नुसती उभी राहिले होते, आणि तुम्ही वळूनही न पाहता म्हणाला होतात, “पहिला नंबर, तोंड उघडून माग की. मीठच आहे, शिष्यवृत्ती नाही.” आता तोंड उघडायचं म्हटलं तरी भाऊजींचा दंडक आहे: आजपासून इकडचा एक शब्द तिकडे बोलायचा नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केला. दंडक बोलण्याविषयी आहे. लिहिण्याविषयी त्यांनी काहीच म्हटलेलं नाही. प्रश्नपत्रिकेवरच्या सूचना नीट वाचायची सवय संसारात अशी कामाला येईल, असं मला वाटलं नव्हतं.

कारण सांगते. तुमचा ढब्बू रडला की माझी मनी उठते. भिंतीला कान असतात असं म्हणतात. आपल्या भिंतीला नुसते कान नाहीत, गळाही आहे. मामंजींनी हौसेने दोन फ्लॅट जोडून मधे दार काढलं, त्या दाराच्या जागी आता प्लायवूड आहे, आणि नेमका त्याच्या एका अंगाला तुमचा पाळणा, दुसऱ्या अंगाला माझा. सुतार ते ठोकत होता तेव्हा तुम्ही पलीकडे उभ्या होतात, ओठांत टाचण्या धरून, हातात शाळेच्या गणवेशाची एक बाही. आपल्या दोघींचीही पोटं पुढे आलेली. तुम्ही काही बोलणार आहात असं मला वाटलं. मग फळी बसली.

यांनी घरचं दुकान सोडून चष्म्यांच्या कंपनीत नोकरी धरली, हा भाऊजींच्या मते घरभेदीपणा आणि यांच्या मते पोटापाण्याचा सरळ विचार. त्या वादात मला पडायचं नाही. मला पडायचं आहे ते फक्त अंथरुणावर.

बाकी माझं ठीक चाललं आहे. आई महिनाभर राहून गेली. वडिलांच्या पथ्यपाण्यामुळे तिला अधिक थांबता येईना. यांची सध्या रात्रपाळी आहे. परवा जिन्यात जरासा तोल गेला, पण मनी हातात नव्हती. ग्रंथालयातली माझी रजा पुढच्या महिन्याअखेर संपते, त्याआधी थोडी झोप साठवून ठेवावी असा विचार आहे. झोप साठवता येत नाही हे मी वाचलं आहे. तरीही.

हे पत्र मावशींच्या हाती देते. त्या दोन्ही घरची भांडी घासतात, तेव्हा त्यांना दंडक लागू नसावा.

आपली,
धाकटी जाऊ


१५ जानेवारी, गुरुवार

सौ. वहिनींना नमस्कार.

मावशींनी तुमचं उत्तर आणलं. नळ बंद करून, ओले हात कमरेवर ठेवून, तुमच्याच आवाजात त्यांनी ते म्हणून दाखवलं: “म्हणावं, आमचा पाळणा कुठं लावायचा ते आमचं आम्ही बघू. आधी स्वतःच्या लेकीचा गळा आवरा. ती भोकाड पसरते म्हणून आमचा उठतो.” त्यातला ‘भोकाड’ मावशींचा असावा असं मी धरून चालते.

पण तुमचा गैरसमज होतो आहे. मनी रडकी नाही. ती रडते ती ढब्बूनंतर, कधीच आधी नाही. मी हे नीट लक्ष देऊन ऐकलं आहे. लक्ष देण्याला मला रात्रभर वेळ असतो.

काल तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी तिला वजनकाट्यावर ठेवलं आणि भुवया उंचावल्या. मनीच्या मनगटांना वळ्या पडल्या आहेत, गालांमुळे कान दिसत नाहीत. “ही तर सावकारीण झाली आहे,” त्या म्हणाल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचं हसणं थांबलं. मी सलग अशी शेवटची कधी झोपले, असं त्यांनी विचारलं. मला आठवेना. वर्गात उत्तर येत नसलं की व्हायचं तसं झालं, कान तापले. त्यांनी सांगितलं की हे असं चालायचं नाही. रात्रीचं अंगावर पाजणं थांबवा, बाटली द्या, घरातलं दुसरं कुणीतरी पाजेल आणि तुम्ही झोपाल. मी विचारलं, नाही थांबवलं तर? त्या म्हणाल्या, तीन आठवड्यांनी या. तोवर असाच चेहरा असेल तर मी विचारणार नाही, सांगणार.

घरातलं दुसरं कुणी म्हणजे हे, आणि हे रात्रभर कंपनीत भिंगं घासून त्यांना पाणी चढवत असतात. पहाटे येतात तेव्हा यांच्या पापण्यांवरसुद्धा काचेची पांढरी पूड असते. यांना बाटली धरायला सांगितलं तर हे आधी ती उजेडात धरून चरे पाहतील आणि मग उभ्या उभ्या झोपतील.

आणि मला थांबवायचं नाही, वहिनी. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. लहानपणापासून मी जे जे केलं ते आधी वाचून केलं. पोहणंही पुस्तकावरून शिकले, म्हणून मला अजून पोहता येत नाही. मनीला पाजणं ही माझ्या आयुष्यातली पहिली गोष्ट, जी वाचायच्या आधी मला येत होती. तिला माझ्या अंगावर ठेवलं आणि तिला तोंड कुठे न्यायचं ते कळलं, मला हात कुठे धरायचा ते कळलं. कुणी गुण दिले नाहीत. द्यावेत असंही वाटलं नाही. ते एवढ्यात सोडून द्यायचं, तेसुद्धा झोपेपायी, असं मनाला पटत नाही.

म्हणून पुन्हा विचारते: पाळणा हलवाल का?

आणखी एक. त्या दिवशी जिन्यात मनी माझ्या हातात होती.

आपली,
धाकटी जाऊ


१९ जानेवारी, सोमवार

वहिनी,

हे पत्र जरा घाईत लिहिते आहे, मायना आखडता घेतला त्याची क्षमा असावी.

काल यांची सुट्टी होती. दुपारी जेवून मी मनीला पाजलं, पाळण्यात ठेवलं आणि कॉटवर आडवी झाले. हे खुर्चीत बसून आपल्याच चष्म्याची दांडी घट्ट करत होते. डोळा लागला असेल नसेल, रडणं ऐकू आलं. मी उठले, मनीला उचललं, मांडीवर घेतलं आणि अंगाला लावलं.

“काय करतेस?” यांनी विचारलं.

“रडते आहे ना ती.”

“ती घोरत होती गं. रडला तो पलीकडचा.”

बापांना रडणं ओळखता येत नाही असं मी म्हणाले. तसं एका पुस्तकात दिलेलंही आहे. हे म्हणाले, बरं, माझं चुकलं, ठेव तिला खाली आणि झोप. मी झोपले. पुढचं मला यांच्याकडून कळलं. पलीकडून ढब्बूचा पहिला सूर आला आणि मी डोळे न उघडता उठून बसले, पाय जमिनीला लावले, हात पाळण्यात घातले. यांनी माझं मनगट धरलं तेव्हा मी जागी झाले. मनी उताणी, दोन्ही मुठी कानांशी, ओठांना दुधाचा फेस, गाढ. आणि माझ्या झग्याचा पुढचा भाग भिजून चिंब.

वहिनी, मला पान्हा फुटत होता तो तुमच्या मुलासाठी, आणि पाजत होते मी माझ्या मुलीला. गेले दोन महिने भूक त्याला लागते आहे आणि वळ्या हिला पडताहेत.

तेवढ्यावर थांबत नाही. झोपेतून उठवलं, नको असताना तोंडात दिलं, की मनी चिडते आणि मग ती सूर लावते. म्हणजे तुमचंही खरं होतं. ती रडते, पण मी उठवते म्हणून रडते. आणि तो आवाज फळीतून तुमच्याकडे पोचतो. मला विचारण्याचा अधिकार नाही, तरी विचारते: तो ऐकून तुम्ही काय करता? तुम्हीही झोपलेल्या ढब्बूला उचलता का? तसं असेल, तर दोन पोरं झोपलेली, दोन आया त्यांना आळीपाळीने उठवताहेत, आणि सकाळी दोघी एकमेकींच्या पोराला नावं ठेवताहेत, असा हा सारा प्रकार आहे. मी इतकी वर्षं पुस्तकांचं वर्गीकरण करते. कुठलं पुस्तक कुठल्या फळीवर, यात माझी चूक झाल्याचं आठवत नाही. आणि घरात मला दोन मुलांतलं कुठलं रडलं ते कळू नये.

हे इतके हसले की चष्मा खाली पडला. मीही हसले. मग यांना झोप लागली, आणि मी तशीच कॉटच्या कडेला बसून राहिले. हसून झाल्यावर ते सांगायला कुणीतरी लागतं, हे मला तेव्हा समजलं.

आता कळलं आहे, तर वळायला हवं. पण वळत नाही. आज सकाळपासून ढब्बू दोनदा रडला आणि दोन्ही वेळा मी कॉटची कड धरून बसून राहिले, तरी दूध आलंच. डोक्याला कळलं, अंगाला अजून कुणी सांगितलेलं नाही.

आपली,
धाकटी जाऊ


२२ जानेवारी, गुरुवार

सौ. वहिनींना नमस्कार.

मावशी म्हणाल्या की तुम्ही मशीन थांबवून पत्र वाचलंत, खदाखदा हसलात, आणि हसता हसता हातातल्या गणवेशाला तोंड पुसलंत. “हसत होत्या का रडत होत्या, देवाला ठाऊक,” असं त्या म्हणाल्या. मग भांडी विसळता विसळता त्यांनी आणखीही काही सांगितलं. ते तुम्ही सांगायला सांगितलं नव्हतं, हे मला समजतं. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम आहे, तुमची पाठ मशीनवरून उचलत नाही, अंगावरचं दूध कमी झालं आहे, आणि बाटली पुढे केली की ढब्बू तोंड फिरवतो.

मला हे खरं तर आधीच ऐकू येत होतं. तो पूर्वी मोठ्याने रडून गप्प व्हायचा. अलीकडे तो रडून गप्प होत नाही. रडणं बारीक होत जातं, मग नुसतं कुरकुरणं, आणि मग तुमच्या मशीनचा आवाज, जो मला वाटतं तुम्ही त्याचं कुरकुरणं ऐकू येऊ नये म्हणून सुरू करता.

माझं लिहिणं मर्यादेबाहेरचं वाटलं तर मला मोठ्या मनाने माफ करा. माझ्याकडे अधिक आहे, इतकं की पंचे पिळावे लागतात. तुमच्याकडे सध्या कमी आहे. माझ्या अंगाला तर तो आपलाच वाटतो. भाऊजी दुपारी दुकानात असतात, हे झोपलेले असतात. त्या वेळात तुम्ही ढब्बूला माझ्याकडे दिलंत, तर त्याचं पोट भरेल आणि तुम्ही घटकाभर पडाल. नंतर मी. दोघींतली एक तरी झोपलेली असेल. मी डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारलं आहे. त्यांनी दोघींच्या तब्येतीच्या चौकशा केल्या, तुमच्या बाळंतपणातल्या तपासण्यांचं विचारलं, आणि दोघींची तयारी असेल तर हरकत नाही म्हणाल्या. सासूबाई असत्या तर त्यांनी पत्राची वाट न पाहता पोर माझ्या मांडीवर आणून आदळलं असतं.

उत्तराची वाट पाहते.

आपली,
धाकटी जाऊ


२७ जानेवारी, मंगळवार

सौ. वहिनींना नमस्कार.

उत्तर मिळालं. मावशी सांगत नव्हत्या. मी खोदून विचारलं. तुम्ही पत्र वाचलंत, घडी घातलीत, एक अख्खी शिवण मारलीत, आणि मग म्हणालात, “जाताना पाळण्याला हात लाव.” तुम्ही दोघींनी मिळून पाळणा रस्त्याच्या भिंतीला नेलात. दारातून मावशी बाहेर पडताना तुम्ही एवढंच बोललात: “माझ्या लेकराला मी उपाशी ठेवते, असं लिहिलंय तिनं.”

तसं मी लिहिलं नव्हतं. पण पत्र पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं, आणि तसंच लिहिलं होतं असं वाटू लागलं.

म्हणजे मी मागितलं होतं ते मला मिळालं. आता इकडे काही ऐकू येत नाही. मनी पिऊन झोपते ती झोपतेच. तिला उठवणारं कुणी नाही. डॉक्टरीणबाईंना हवं होतं ते सगळं जमून आलं आहे: बाळ झोपलेलं, घर शांत, आई आडवी. आणि आई छताकडे पाहत पडलेली. डोळा लागतो, आणि आवाज आला नाही म्हणून दचकून उघडतो. आवाजाने जाग येणाऱ्या माणसाला उठून काहीतरी करता येतं. आवाज न येण्याने जाग आली तर काय करायचं, हे मला कुठल्याच पुस्तकात सापडलेलं नाही. मी उठून फळीला कान लावते. कधी मशीन चालू असतं. कधी तेही नसतं.

हे घरी असतात तेव्हा झोपलेले, आणि जागे असतात तेव्हा घरी नसतात. परवा मी मावशींना चहाला बसा म्हणाले. त्या म्हणाल्या, अजून तीन घरं आहेत. मग मी मनीशी बोलले. तिला मी पूर्ण वाक्यांत बोलते, कर्ता, कर्म, क्रियापद. ती ऐकते आणि झोपून जाते. पूर्वी तुम्ही म्हणायचात, “पहिला नंबर बोलायला लागली की मला हमखास जांभई येते.” मनी तुमच्यावर गेली आहे.

उत्तर नको. हे नुसतं लिहिलं.

धाकटी जाऊ


२९ जानेवारी, गुरुवार

वहिनी,

ताप आहे. उजवीकडे छातीत दगड झाला आहे, हात वर करवत नाही. मनी आता तिच्या भुकेपुरतंच पिते आणि तोंड फिरवते. ढब्बूच्या वाट्याचं तसंच साचून राहतं. डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं आहे. काढत राहा, पाजत राहा, साचू देऊ नका म्हणाल्या. हाताने काढते, पुरेसं निघत नाही. हे आज रजा मागायला गेले आहेत. नवीन माणसाला कितपत देतील कोण जाणे.

मी मागितलं ते चुकीचं मागितलं. पाळणा परत त्या भिंतीला लावा. मला पाजायला दिलं नाहीत तरी चालेल. नुसता तिथे असू दे.


३१ जानेवारी, शनिवार

सौ. वहिनींना नमस्कार.

काल जे झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे, तरी लिहिते. काल मला बोलता आलं नाही, आणि ते कुठेतरी बोलायला हवं.

दुपारी घंटा वाजली. हे औषध आणायला गेले होते, मला वाटलं किल्ली विसरले. दार उघडलं तर तुम्ही, कडेवर ढब्बू. तुम्ही माझ्याकडे पाहिलंच नाहीत. त्याच्याकडे पाहून म्हणालात, “ढब्ब्या, काकूला म्हणावं, दार अडवून उभी राहू नको.”

मी बाजूला झाले.

“काकूला म्हणावं, आरशात तोंड बघ. भूत बरं दिसेल.”

मी कॉटवर बसले. तुम्ही माझ्या कपाळाला हात लावलात, हाताची मागची बाजू, चटका बसल्यासारखा मागे घेतलात, आणि तरी त्यालाच म्हणालात, “काकूला म्हणावं, माझी आई कुणाला उपाशी ठेवत नाही. कळलं?” आणि त्याला माझ्या मांडीवर ठेवलंत. मग खिडकीशी गेलात आणि रस्त्याकडे तोंड करून उभ्या राहिलात.

तो मनीपेक्षा किती हलका आहे, वहिनी. मोठा असून. आधी त्याने माझा वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. मग भुकेने मानापमान बाजूला ठेवला. इतकं दुखलं की मी कॉटची चादर मुठीत धरली. मग दगड सुटत गेला. तो पीत होता, घुटक्या घुटक्याने, मोठा आवाज करत, आणि तुमच्या पाठीवरून मला कळत होतं की तुम्ही तो आवाज ऐकता आहात. रस्त्यावर पाहण्यासारखं काही नव्हतं. मला तुम्हाला काहीतरी म्हणायचं होतं. जमेना. शेवटी मी पाळण्यातल्या मनीला म्हणाले, “मने, काकूला म्हणावं, बसा ना.”

तुमचे खांदे हलले. “ढब्ब्या, मनीला सांग, बसून बसूनच माझ्या पाठीचा काटा ढिला झालाय.” आणि थोड्या वेळाने, तशाच पाठमोऱ्या, “आणि मनीला हेही सांग, तू गळा काढलास की माझी आई मला गदागदा उठवून पाजायची. होतं नव्हतं ते झोपेतल्या पोराला पाजून संपवायची, आणि खरी भूक लागली की बसायची रडत. पहिला नंबरवालीचं तसं झालं तर एक वेळ ठीक, ती पुस्तकी. आम्हाला काय झालं होतं?”

मी हसले तेव्हा ढब्बूचं तोंड सुटलं आणि तो रागावला.

मग तुम्ही मला झोपायला लावलंत. मी उठले तेव्हा उन्हं उतरली होती, हे चहा करत होते आणि तुम्ही गेला होतात. पंचे वाळत घातलेले, मनीचं दुपटं बदललेलं. यांनी विचारलं, कोण आलं होतं? मी म्हणाले, ढब्बू.

दंडक तुम्ही अक्षरशः पाळलात. मला एक शब्दही बोलला नाहीत. ते मला जरा लागलं, हे कबूल करते. पण आज पुन्हा घंटा वाजली तेव्हा मी दार अडवून उभी राहिले नाही.

आपली,
धाकटी जाऊ


५ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी,

तुम्ही आत माझ्या कॉटवर झोपल्या आहात आणि मी बाहेर जेवणाच्या टेबलाशी बसून तुम्हालाच पत्र लिहिते आहे. दुसरं कुणाला लिहावं असं कुणी नाही.

सकाळी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. त्यांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला आणि विचारलं, बाटली सुरू केली वाटतं? मी म्हणाले, नाही, जाऊ सुरू केली. त्या म्हणाल्या, मग चालू ठेवा. रजा संपली की काय करायचं ते त्या पुढच्या वेळी सांगणार आहेत. हे तुम्ही आलात की ढब्बूमार्फत सांगायचं असं ठरवलं होतं, पण तुम्ही आलात त्याच पेंगत. “ढब्ब्या, काकूला म्हणावं, गणवेश गेले सगळे. आज माझी पाळी. दुकान बंद व्हायच्या आत उठव म्हणावं मला, नक्की.” बोटातलं शिवणाचं अंगुस्तान काढायचंही तुम्हाला सुचलं नाही. मी म्हणाले, “मने, काकूला म्हणावं, उठवते.”

दुकान बंद व्हायची वेळ झाली तेव्हा मी आत आले. खांद्यापर्यंत हात नेला. तुम्ही कुशीवर होतात, तोंड किंचित उघडं, एक हात ढब्बूच्या पोटावर, आणि तो हात झोपेतही थोपटत होता, अगदी सावकाश, मधेच थांबत. लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तुम्हाला झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी उठायच्या आधी तुम्ही उठलेल्या असायचात आणि मी झोपल्यावर तुमचं मशीन चालू असायचं. मी हात मागे घेतला. शब्द दिला होता, तो मोडला.

आता जिन्यात पावलं वाजली. भाऊजींचीच, ते शेवटच्या पायरीवर खाकरतात. तुमच्या दारात किल्ली फिरली. ते ढब्बूला हाक मारताहेत. प्लायवूडमधून सगळं स्वच्छ ऐकू येतं, तो नुसता रडण्याचा रस्ता नाही, हे आजवर माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांनी आतल्या खोलीचं दार उघडलं. मोरीचं उघडलं. आता पुन्हा बाहेर. आता आमची घंटा

परत आले. अक्षर वाईट येईल.

घंटा दुसऱ्यांदा वाजू नये म्हणून मी पळत गेले. भाऊजी दारात, गळ्यात साखळीचा चष्मा, हातात दुकानाच्या किल्ल्या. इतक्या वर्षांत मी त्यांच्याशी ‘वाढलं आहे’ यापलीकडे काही बोललेले नाही. त्यांनी माझ्या डोक्यावरून आत पाहिलं. तोंड उघडलं. मी आधी बोलले.

“भाऊजी, हळू बोला. वहिनी झोपल्या आहेत.”

ते माझ्याकडे पाहत राहिले. “इथे?”

“हो.”

“आणि तो?”

“तोही.”

त्यांचा चेहरा लाल होत गेला. “उठव तिला.”

मी नाही म्हणाले. नुसतं ‘नाही’. पुढे कारण द्यायचं असतं, ते मला सुचलं नाही. मागे यांची खोली होती, हाक मारली असती तर हे उठून आले असते, मारली नाही. हे आले असते तर दोघे भाऊ बोलू लागले असते, आणि ते बोलू लागले की काय होतं ते आपण पाहिलं आहे. मी दार धरून उभी राहिले. या वेळी दार मी अडवलं होतं.

त्यांनी खाली पाहिलं. उंबऱ्याशी तुमच्या चपला होत्या, एक उलटी पडलेली, घाईत काढलेली. ते तिच्याकडेच पाहत म्हणाले, “कधी उठेल?”

“झोप झाली की.”

त्यावर ते वळले आणि गेले. दार आपटतील असं वाटलं, आपटलं नाही.

आता पुढे काय होईल मला माहीत नाही. कदाचित उद्या तुम्ही येणार नाही, आणि पाळण्याच्या बाजूला मी पुन्हा एकटी असेन. हे जागे झाले की यांनाही सांगावं लागेल. तुम्ही उठल्यावर माझ्यावर रागवाल, आणि या वेळी कदाचित मधे ढब्बूला न घेता रागवाल. तसं झालं तर मला आवडेल.

पलीकडे कपाटं उघडल्याचे आवाज येताहेत. चहाचं पातेलं शोधत असावेत. ते मोरीत पालथं घातलेलं असेल, तुम्ही नेहमी तिथे घालता. आत्ता काहीतरी मोठ्याने पडलं. तुम्ही कूस बदललीत, पण उठला नाहीत. मनीही नाही. ढब्बूने मात्र डोळे उघडले आहेत. दारातून तो मला दिसतो आहे. त्याने मूठ तोंडात घातली आहे आणि ती खाण्याची नाही हे त्याला हळूहळू उमगतं आहे. तो रडायच्या आत त्याला उचलायला हवं. इथेच थांबते.